गोळी रोज कोण देणार?

रस्त्यावरून उचलून आणलेले कुत्रे खोकू लागले की घरात बहुधा दोन गोष्टी होतात. कोणी त्याला उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या देते, तर कोणी ‘मुलांना लागण होईल’ म्हणून त्याला परत सोडून यायला सांगते. खोकल्यामागे फुप्फुसातील बुरशी असेल, तर हे दोन्ही चुकीचे आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यात कांद्याच्या चाळी, भिजलेला भुसा आणि उकिरडे ही भटक्या कुत्र्यांची हक्काची निवाऱ्याची जागा. बुरशीलाही हीच जागा मानवते. सडक्या कांद्यावर दिसणारी काळी पूड बहुधा ‘अ‍ॅस्परजिलस नायजर’ या बुरशीची असते. तिच्याच जातकुळीतील ‘अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस’ कुजणाऱ्या पालापाचोळ्यात वाढते आणि तिचे सूक्ष्म बीजाणू श्वासावाटे फुप्फुसात जातात. निरोगी शरीर त्यांचा बंदोबस्त करते. उपासमारीने किंवा गोचीड तापाने खंगलेल्या कुत्र्याला ते जमेलच असे नाही.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, घटणारे वजन, लवकर लागणारी धाप आणि अँटिबायोटिकने न उतरणारा ताप, ही लक्षणे असतील तर बुरशीचा विचार करावा. मात्र डिस्टेंपर, हृदयातील जंत, क्वचित क्षय यांतही अशीच लक्षणे दिसतात. त्यामुळे अंदाजाने औषध देऊ नये. छातीचा एक्स-रे, रक्ततपासणी आणि श्वासनलिकेतील द्रवाची तपासणी यांवरूनच निदान पक्के होते. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी दाखवावे. गरज पडल्यास शिरवळ किंवा परळ येथील पशुवैद्यक महाविद्यालयाचा सल्ला घेता येतो.

आता लागणीची भीती. फुप्फुसातील ही बुरशी कुत्र्याच्या खोकल्यातून माणसाला होत नाही. कुत्र्याला ती माती आणि हवेतून मिळते, माणसालाही तिथूनच. कातडीवरचा नायटा मात्र कुत्र्याकडून माणसाला होऊ शकतो, तो वेगळा आजार. केमोथेरपी सुरू असलेल्या किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या व्यक्तीने कुत्र्याचे बुरसटलेले अंथरूण झाडू नये, एवढी काळजी पुरे.

उपचारात खरा प्रश्न चिकाटीचा असतो. इट्राकोनॅझोलसारखे औषध वजनानुसार, जेवणासोबत, अनेक महिने द्यावे लागते. मधूनमधून यकृताची तपासणी करावी लागते. पंधरा दिवसांत खोकला कमी होतो, कुत्रे शेपूट हलवू लागते आणि नेमक्या याच वेळी गोळ्या बंद होतात. मग आजार उलटतो. नायट्यासाठी घरात आणलेली फ्लुकोनॅझोलची गोळी अ‍ॅस्परजिलसवर चालत नाही. आयबुप्रोफेन कुत्र्याला घातक ठरू शकते. खोकला दाबण्यासाठी परस्पर दिलेले स्टेरॉइड बुरशीला मोकळे रान देते.

हा प्रश्न एका कुत्र्यापुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटसला सर्वाधिक प्राधान्याच्या बुरशींमध्ये गणले. याच गटातील औषधांना दाद न देणारी ही बुरशी भारतातील मातीतही सापडली असून, 2012 साली दिल्लीच्या संशोधकांनी तसे प्रसिद्ध केले. पिकांवर फवारली जाणारी टेब्युकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल ही बुरशीनाशके औषधांचीच भावंडे आहेत. ती शिफारशीपेक्षा जास्त फवारली, तर उद्या कुत्र्याची आणि माणसाची, दोघांचीही गोळी निकामी होऊ शकते.

कुत्र्याला उचलून आणणाऱ्यांची माया खरी असते, पण तिला वेळापत्रकाची जोड हवी. रोज गोळी कोण देणार, महिन्याने एक्स-रेला कोण नेणार, खर्च कसा वाटून घेणार, हे पहिल्याच दिवशी ठरवावे. पशुसंवर्धन विभागानेही तालुक्याच्या दवाखान्यांत एक्स-रेची सोय आणि बुरशीवरील औषधे उपलब्ध करावीत. नुसत्या लसीकरण आणि नसबंदीने खोकणाऱ्या जनावराचा श्वास मोकळा होत नाही.