वेबसाइटचे बिऱ्हाड हलवताना

पापड-मसाल्याचा घरगुती धंदा करणाऱ्या आपल्यापैकी कितीतरी जणींच्या आता वेबसाइट आहेत. डॉट इन नाव एका रजिस्ट्रारकडून आणि डॉट कॉम दुसऱ्याकडून, जिथे स्वस्त मिळाले तिथून घेतलेले! (बाजारातली सवय जाते कुठे?) सेलूच्याच एका वाचक भगिनीने विचारले आहे, वेबसाइट नव्या कंपनीकडे न्यायची तर नेमसर्व्हर दोन्हीकडे बदलावे लागतील का?

होय बाई, लागतील. जे नाव ज्याच्याकडे नोंदले, त्याच्याच खात्यात शिरून नवे नेमसर्व्हर, निदान दोन, लिहायचे. एका रजिस्ट्रारला दुसऱ्याच्या वहीत हात घालता येत नाही.

पण खरी मेख पुढेच आहे. नेमसर्व्हर बदलले म्हणून जुन्या नोंदी आपोआप मागे येत नाहीत. वेबसाइटची नोंद सगळ्यांना आठवते, ईमेलची, म्हणजे एमएक्सची, हमखास राहते. मग वेबसाइट झकास दिसते आणि ऐन दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी मात्र पोचतच नाहीत. गिऱ्हाईक म्हणणार, या बाई साधे उत्तर देत नाहीत! तेव्हा जुन्या नोंदी वहीत उतरवून घ्या, नव्या ठिकाणी भरा आणि मगच नेमसर्व्हरला हात लावा.

जुनी जागा लगेच सोडू नका. ठिकठिकाणचे संगणक डॉट कॉमचा जुना पत्ता ४८ तासांपर्यंत धरून ठेवू शकतात. दोन-तीन दिवस दोन्हीकडे चालू राहू द्या.

आणि हो, रजिस्ट्रारच्या खात्याचा पासवर्ड वेबसाइट करून देणाऱ्या मुलाकडेच असेल, तर तो आजच मागून घ्या. नाव त्याच्या नावावर नोंदलेले निघाले, तर आधी ते आपल्या नावावर करून घ्या.