कॅमेरे कोणाकडे रोखलेले?

गिरणगावातील ज्या फाटकांवर पाळी सुटताना कामगारांची झडती घेतली जात असे, ती फाटके आता राहिलेली नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. त्यानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ आणि २००१ मध्ये त्यात झालेला फेरबदल यांनी त्या जमिनींचे पुढे काय केले, हे कार्यकर्त्यांना नव्याने सांगण्याची गरज नाही. त्याच जमिनींवर आज मॉल आणि कचेऱ्यांचे मनोरे उभे आहेत, आणि गिरणी कामगारांची नातवंडे तेथे कापडाच्या घड्या घालणारे विक्रेते, बिले करणाऱ्या मुली, सफाई कामगार आणि सुरक्षा रक्षक म्हणून राबत आहेत. झडतीही संपलेली नाही. ती फाटकावरून छताला गेली आहे.

मॉलमधील कॅमेऱ्यांविषयी कामगार चळवळीत दोनच सूर ऐकू येतात. कॅमेरा म्हणजे पाळत, म्हणून त्याला सरसकट विरोध, हा एक. आणि ही तांत्रिक बाब आहे, ती तंत्रज्ञांनी पाहावी, हा दुसरा. दोन्हींत आळस आहे. तळघरातील वाहनतळावरून रात्री एकटीने जाणाऱ्या विक्रेतीला कॅमेरा हवाच असतो. माल उतरवण्याच्या जागी मागे सरकणाऱ्या ट्रकखाली हमाल सापडला, तर चूक कोणाची हे सांगणारा दुसरा साक्षीदार बहुधा नसतो. तेव्हा कॅमेरा असावा की नसावा, यावर वाद घालून फारसे काही हाती लागत नाही. तो कोठे लावायचा, कोणाकडे रोखायचा आणि हे कोणी ठरवायचे, यावर मात्र बरेच काही अवलंबून आहे.

हे ठरते इमारतीच्या नकाशावर. सल्लागार अभियंता प्रत्येक मजल्याच्या आराखड्यावर ठिपके मांडतो आणि प्रत्येक ठिपक्यासाठी काय पाहायचे व किती स्पष्ट पाहायचे, हे लिहितो. या स्पष्टतेची आंतरराष्ट्रीय मापे ठरलेली आहेत. कोणीतरी आहे एवढे कळण्यासाठी दृश्यातील दर मीटर रुंदीला २५ चित्रबिंदू पुरतात. ओळखीचा माणूस ओळखू येण्यासाठी १२५ लागतात. अनोळखी माणसाची ओळख नि:संशय पटण्यासाठी २५० लागतात. सर्रास वापरात असलेल्या कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी १९२० बिंदूंची असते. भागाकार केला की दिसते ते असे: हा कॅमेरा ७७ मीटर रुंदीच्या जागेत माणसाची हालचाल टिपू शकतो, पण चेहरा पटवू शकतो तो जेमतेम साडेसात मीटर रुंदीत. सगळे पाहणारा डोळा ही दुकानदारांनी पसरवलेली दंतकथा आहे. स्पष्टता मोजूनमापून वाटावी लागते, आणि वाटप आले की तेथे राजकारण आले.

हे वाटप पाहू गेल्यास मालकाच्या मनातील शत्रू कोण, ते कळते. बिलाच्या गल्ल्यावर, विक्रेतीच्या हातांवर आणि मालखोलीच्या दारावर अडीचशे बिंदूंची स्पष्टता खर्च होते. आगीच्या वेळी उतरण्याच्या जिन्याच्या वाट्याला मात्र बहुधा काही येत नाही. त्या जिन्यात खोकी रचून ठेवण्याची रीत ज्याने मॉलची मागची बाजू पाहिली आहे, त्याला ठाऊक असते. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरील उपाहारगृहांत आग लागून १४ माणसे मेली. त्यांतील अनेक जण स्वच्छतागृहात अडकून गुदमरले. ती आग कॅमेऱ्यांनी विझली नसती. परंतु बाहेर पडण्याच्या वाटा मोकळ्या आहेत की नाहीत, हे दररोज पाहणे हे सुरक्षिततेच्या नियोजनाचे पहिले काम आहे. गल्ल्यातील शंभराच्या नोटेचा क्रम त्यानंतर लागतो.

ठिपक्यांनंतर तारा येतात, आणि चळवळीचे सर्वाधिक दुर्लक्ष झाले आहे ते येथेच. कॅमेऱ्याला वीज आणि चित्राला वाट देणारी तांब्याची एकच केबल असते, आणि तिची मर्यादा १०० मीटरची. म्हणून मोठ्या इमारतीत मजल्यामजल्यावर जोडणीची कपाटे बसवतात, ती उभ्या डक्टमधून काचतंतूच्या केबलने नियंत्रण कक्षाशी जोडतात, आणि छताखालच्या ट्रेमधून एकेका कॅमेऱ्यापर्यंत तार नेतात. एकदा फॉल्स सीलिंग बंद झाले आणि दुकाने उघडली, की एक कॅमेरा चार हात सरकवायचा तर रात्रपाळीत छत उचकटावे लागते, नवी तार ओढावी लागते आणि खर्चाला मंजुरी घ्यावी लागते. मग कोणी तो सरकवीत नाही. एका आराखड्याने दहा वर्षांची व्यवस्था कायम होते. कामगार संघटनेला हे सारे कळते ते एखादी विक्रेती चित्रणाच्या आधारे कामावरून कमी झाल्यावर. म्हणजे निवाडा छतात बंद झाल्यानंतर कित्येक वर्षांनी.

या तारा ओढणारी पोरे कंत्राटदाराच्या कंत्राटदाराकडची असतात. ती पट्टा न बांधता शिडीवर चढतात. एका मजल्यावरून दुसऱ्यावर तार नेण्यासाठी ती लादीला भोक पाडतात, आणि ते अग्निरोधक लेपाने बुजवण्याचे पैसे निविदेत धरलेले नसतील, तर भोक तसेच राहते. आगीत धूर याच भोकांतून वर चढतो. साध्या पीव्हीसी वेष्टणाची केबल जळली की दाट धुराबरोबर हायड्रोजन क्लोराइडचा दाहक वायूही सोडते. कमी धुराची केबल मिळते, ती महाग असते. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतील अग्निशमन व्यवस्था चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. प्रमाणपत्रानंतर पडलेले भोक पुढल्या खेपेस तरी कोणी पाहते काय?

जेरेमी बेंथमच्या वर्तुळाकार तुरुंगाचा उल्लेख या विषयात हटकून होतो. त्या कल्पनेचे मूळ तुरुंगात नव्हते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. रशियातील एका सरदाराच्या जहागिरीवर कारागिरांवर देखरेख कशी ठेवावी या विवंचनेतून ती १७८० च्या दशकात बेंथमचा भाऊ सॅम्युअल याला सुचली. कैद्यांची पाळी नंतर आली.

कायद्याकडे पाहावे तर तेथेही कामगाराच्या पदरात फारसे काही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. परंतु टप्प्याटप्प्याने अमलात येत असलेल्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या सातव्या कलमाने नोकरीच्या प्रयोजनासाठी आणि मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी संमतीवाचून माहिती हाताळण्याची मुभा ठेवली आहे. युरोपातही सारे आलबेल नाही. स्पेनमधील एका सुपरमार्केटात २००९ मध्ये ग्राहकांच्या चोरीसाठी दाराकडे रोखलेले कॅमेरे उघड लावले गेले, आणि गल्ल्यांकडे रोखलेले छुपे. कामगारांना फक्त पहिल्यांची कल्पना दिली होती. बडतर्फ झालेल्यांच्या बाजूने मानवी हक्क न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेला निकाल त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने २०१९ मध्ये फिरवला. न्यायालयावर विसंबणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. जर्मनीतील मार्ग अधिक खात्रीचा आहे. तेथील १९७२ च्या कायद्यानुसार कामगारांच्या वर्तनावर वा कामावर नजर ठेवणारे कोणतेही तांत्रिक उपकरण बसवताना कामगार मंडळाची सहसंमती लागते. ती नसेल तर प्रश्न लवादाकडे जातो. आपल्याकडेही याला पूर्वपीठिका आहे. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी १९८३ मध्ये यंत्रे आणि संगणक यांच्या वापराबाबत व्यवस्थापनांशी करार केला होता. मॉलमधील कामगार विखुरलेले आहेत, एकेका दुकानाचा मालक वेगळा आहे, म्हणून काम कठीण आहे, अशक्य नाही. छत आणि तारा तर एकाच मालकाच्या असतात.

मागण्या फार नाहीत. केबलची निविदा निघण्यापूर्वी कॅमेऱ्यांचा नकाशा कामगार प्रतिनिधींना दाखवावा, आणि प्रत्येक ठिपक्यापुढे त्याचे प्रयोजन लिहिलेले असावे. कपडे बदलण्याची व विश्रांतीची जागा नकाशाबाहेर ठेवावी. जिने आणि माल उतरवण्याच्या जागा आधी भराव्यात, गल्ले मागाहून. नियंत्रण कक्षात पडद्यांसमोर बसणाऱ्या रक्षकाची नोंद १९८१ च्या कायद्याखालील सुरक्षा रक्षक मंडळात असावी.

एका मागणीवर मात्र अडून बसावे लागेल, आणि ती चित्रणाच्या आयुष्याविषयी आहे. ३०० कॅमेऱ्यांचे महिनाभराचे चित्रण, दर कॅमेऱ्यामागे सेकंदाला ४ मेगाबिट धरले, तर सुमारे ३९० टेराबाइट भरते. साठवण महाग पडते, म्हणून जुने चित्रण आपोआप पुसून त्यावर नवे चढते. विक्रेतीविरुद्धचे चित्रण त्याच दिवशी उतरवून ठेवले जाते. शिडीवरून पडलेल्या पोराचे घरचे लोक गावाहून येऊन, दवाखान्यातून सुटून, नुकसानभरपाईचा दावा लिहिण्याइतके सावरेपर्यंत दोन महिने उलटतात, आणि तोवर त्या दुपारचे चित्रण उरलेले नसते. अपघाताची नोंद होताच त्या जागेचे चित्रण गोठवावे आणि त्याची प्रत जखमी कामगाराला वा त्याच्या कुटुंबाला मागणीशिवाय मिळावी, हे करारात आले पाहिजे.

मुंबई, पुणे, नाशिक येथे जेथे अशी संकुले बांधून होत आहेत, तेथील शाखांनी छत बंद होण्यापूर्वी नकाशा मागावा. जी संकुले उभी आहेत तेथे पुढल्या अग्निप्रमाणपत्राच्या तपासणीत लादीतील भोके आणि जिन्यातील खोकी पाहण्यासाठी कामगारांचा एक प्रतिनिधी सोबत असावा, असे पत्र व्यवस्थापनाला आणि त्याची प्रत अग्निशमन दलाला आजच देता येईल.