धार विकत मिळत नसते

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. वस्तऱ्यानं स्वतःची दाढी स्वतः करणं म्हणजे एकतर जुन्या काळातल्या न्हाव्याचं काम किंवा मग पैसेवाल्यांचा शौक, असं ज्यांना ज्यांना वाटतं त्या सगळ्यांशी. यात आमचे नातेवाईकही आले, त्यांनी रागावू नये. रागावलात तरी वाचा :)

मी वर्ध्यात राहतो, पगार बेताचा आहे आणि आठवड्यातून तीनदा वस्तऱ्यानं दाढी करतो. वस्तरा म्हणजे खरा वस्तरा. ब्लेडचा अर्धा तुकडा अडकवतात तो नव्हे, ज्याच्या पात्याला आपण स्वतः धार लावायची तो. याचा एकूण खर्च आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना शंका राहणार नाही. हिंगणघाटला जुन्या लोखंडाच्या दुकानातून घेतलेला वस्तरा २२० रुपये. पॉलिश पेपर १४० रुपये. काचवाल्याकडून कापून आणलेली जाड काचेची पट्टी ३० रुपये. हिरव्या पॉलिशची कांडी ९० रुपये. चामड्याचा पट्टा घरातलाच, जुना, कमरेचा. एकूण ४८० रुपये. संपला हिशोब.

आता पहिलं भांडण शौकिनांशी. इंटरनेटवर वस्तऱ्याबद्दल वाचायला बसलं की छाती दडपते. जर्मनीच्या सोलिंगेनचा नाहीतर इंग्लंडच्या शेफील्डचा वस्तरा हवा, जपानी पाण्याचे दगड हवेत, तेही चार-पाच प्रतीचे, पट्टा घोड्याच्या कातड्याचा हवा, ब्रश बिज्जूच्या केसांचा हवा. या यादीची बेरीज माझ्या महिन्याच्या किराण्यापेक्षा जास्त होते. आणि गंमत म्हणजे ही सगळी मंडळी 'साधेपणा', 'आजोबांची पद्धत' असले शब्द वापरतात! अहो, कोणत्या आजोबांनी जपानहून दगड मागवला होता? आपल्या गावातल्या न्हाव्याच्या धोकटीत एक-दोन वस्तरे, एक दगड, एक चामड्याचा तुकडा, एक वाटी आणि एक आरसा एवढंच असायचं. तेवढ्यावर अख्ख्या गावाची दाढी व्हायची.

धार म्हणजे काय हे एकदा समजलं की ही सगळी भीती जाते. धार म्हणजे पात्याच्या दोन बाजू एका रेषेत नेमक्या भेटणं. बस्स. वस्तरा बनवणाऱ्यानं एक सोय आधीच करून ठेवलेली असते. पात्याची पाठ जाड असते आणि धार पातळ. वस्तरा दगडावर आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही टेकतात, म्हणजे कोन आपोआप ठरतो. सुरीला धार लावताना कोन हातानं सांभाळावा लागतो, वस्तऱ्याला तेही नाही. म्हणजे ज्याला आपण सगळ्यात अवघड हत्यार समजतो ते धार लावायला खरं तर सगळ्यात सरळ आहे.

पद्धत सांगतो. काचेवर पाणी शिंपडून १००० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवायचा. हा गाड्यांच्या रंगकामाचं सामान विकणाऱ्या कोणत्याही दुकानात मिळतो, काळा, पाण्यात भिजला तरी न फाटणारा. कागद कुठेही उचललेला नको, नाहीतर पातं तो कापून टाकेल. वस्तरा आडवा ठेवून, अजिबात न दाबता, धार पुढे ठेवून सरकवायचा. टोकाला गेल्यावर पाठीवर उलटवायचा, धारेवर कधीही नाही, आणि परत आणायचा. दोन्ही बाजू सारख्या लागल्या की १५००, मग २०००, ३०००, आणि मिळाला तर ५०००. प्रत्येक कागद आधीच्या कागदाचे ओरखडे पुसतो, एवढंच त्याचं काम. मग हिरवं पॉलिश, म्हणजे क्रोमियम ऑक्साइड, सपाट लाकडी पट्टीवर चोळून त्यावर पाच-दहा हात, इथे मात्र पाठ पुढे आणि धार मागे. शेवटी आधी कापडावर आणि मग कमरेच्या पट्ट्यावर तसेच उलटे तीस-चाळीस हात. कापड मी जाड खादीचं वापरतो. वर्ध्यात खादी शोधायला जावं लागत नाही. हाताच्या केसांवरून, कातडीला न टेकवता, वस्तरा फिरवल्यावर केस आपसूक तुटू लागले की झालं. पुढे दर वेळी फक्त पट्टा. कागदाची पाळी काही महिन्यांनी येते.

आणि विकत घेताना काय बघायचं? ठप्पा बघायचा नाही. धारेजवळ जंगाचे खड्डे आहेत का ते बघायचं. अंगावर जंग चालेल, धारेवर नाही. पात्याला तडा आहे का ते बघायचं. नखानं टिचकी मारली की चांगलं पातं खणखणतं, तडकलेलं बद्द वाजतं. पातं काचेवर ठेवून डुलतं का ते बघायचं. मूठ तुटलेली असेल तर उलट भाव पाडून मागायचा, मूठ बांबूचीही करता येते. नवा, चकचकीत, नक्षीदार आणि संशय यावा इतका स्वस्त वस्तरा मात्र घेऊ नका. तो वस्तऱ्याच्या आकाराचा पत्रा असण्याचीच शक्यता जास्त.

सायकलवर चाक बसवून फिरणाऱ्या धारवाल्याकडेही वस्तरा देऊ नका. त्याच्या कामाबद्दल मला आदर आहे, आमच्या घरातल्या विळ्या त्याच्याकडेच जातात. पण फिरत्या कोरड्या चाकावर वस्तऱ्याची पातळ धार क्षणात तापते, निळी पडते, आणि पोलादाचं पाणी उतरतं. ते पाणी पुन्हा पट्ट्यानं चढत नाही.

दुसरं भांडण 'पाच पात्यां'शी. अमेरिकेत किंग जिलेटनं १९०१ साली कंपनी काढली आणि फेकून देण्याचं पातं जगाला दिलं. तोवर पात्याला धार लावायची असते हे सगळ्यांना माहीत होतं. मग १९७१ साली दोन पाती एकत्र आली, १९९८ साली तीन, २००३ साली दुसऱ्या एका कंपनीची चार आणि २००६ साली पाच. दर वेळी आपल्याला सांगितलं गेलं की आधीची दाढी नीट होत नव्हती! आणि मग २०१० साली त्याच जिलेटनं खास भारतासाठी काय आणलं? एकाच पात्याचा गार्ड. दांडा १५ रुपयांचा, पातं ५ रुपयांचं. म्हणजे एका पात्यानं दाढी होते हे कंपनीलाही ठाऊक होतंच की. पुण्याचा माझा मावसभाऊ महिन्याला दोन कार्ट्रिज वापरतो, एक साधारण दोनशेचं. वर्षाचे ४८०० झाले. माझा वस्तरा त्याच्या एका महिन्याच्या आणि थोड्या वरच्या खर्चात आला.

आता प्रामाणिक हिशोब. साध्या दुधारी ब्लेडशी तुलना केली तर मी हरतो, निदान पहिली दोन-तीन वर्षं. आठवड्याला एक पातं, तीन रुपयांचं, म्हणजे वर्षाला १५६ रुपये. ज्याला फक्त पैसे वाचवायचे आहेत त्यानं खुशाल जुना सेफ्टी रेझर काढावा, मी टाळ्या वाजवीन. ज्याचा हात कापतो किंवा ज्याची जखम लवकर भरत नाही त्यानं तर तेच करावं. आणि ज्याला काहीच नको असेल त्यानं पवनारच्या विनोबांसारखी दाढीच ठेवावी, त्याहून स्वस्त काही नाही :)

मग मी वस्तऱ्याची बाजू का घेतोय? कारण ४८० रुपयांत मला वस्तरा मिळाला त्याहून मोठी गोष्ट मिळाली, ती म्हणजे धार लावता येणं. आता घरातली सुरी, कात्री, शेतातला विळा, सगळं माझ्या हातून जातं. ब्लेड विकत घेणाऱ्याला ब्लेड मिळतं, धार मिळत नाही. धार दर वेळी पुन्हा विकत घ्यावी लागते.

आणि हे आपण वर्ध्यात विसरावं? डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तो इथे मगनवाडीत चालला. जे. सी. कुमारप्पांनी इथेच वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगितली, की जी व्यवस्था साठा उपसून फेकून देते ती क्षणभंगुर, आणि जी पुन्हा पुन्हा भरून येते ती टिकाऊ. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींनी मगन संग्रहालय उघडलं. आपण पाहुणे आले की त्यांना सेवाग्रामला नेतो, बापूकुटी दाखवतो, फोटो काढतो, आणि घरी येऊन प्लॅस्टिकचा रेझर कचऱ्यात टाकतो. साधेपणा आपल्याकडे बघायची वस्तू झाली आहे, तिकीट नसलेली.

तिसरं भांडण सगळ्यात नाजूक. एका काकूंनी मला विचारलं, "काहून रे बाबू, ते न्हाव्याचं काम घरात कायले करतं?" काकू, राग मानू नका, पण 'न्हाव्याचं काम' या दोन शब्दांत जो तुच्छपणा आहे ना, भांडण त्याच्याशी आहे. गांधीजींनी आत्मकथेत लिहिलंय, प्रिटोरियात एका गोऱ्या न्हाव्यानं त्यांचे केस कापायला नकार दिला. त्यांनी केस कापायचं यंत्र विकत घेतलं आणि आरशासमोर स्वतःच कापले. मागचे केस बिघडले, कोर्टात लोक हसले. पण पुढे ते जे म्हणतात ते महत्त्वाचं. त्यांनी त्या न्हाव्याला दोष दिला नाही. आपल्याकडचे न्हावी तरी अस्पृश्यांचे केस कुठे कापतात, आपणच त्यांना कापू देत नाही, असं ते म्हणाले. म्हणजे वस्तरा कुणाच्या गालावर चालायचा आणि कुणाच्या नाही, हे गावानं ठरवलं होतं. आणि वस्तरा चालवणाऱ्यालाही त्याच गावानं खालच्या पायरीवर बसवलं होतं. त्याच वस्तऱ्यानं विधवांचं केशवपनही करवून घेतलं. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं नाभिकांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही असं ठरवलं, तेव्हा ज्यांना आपण 'न्हावी' म्हणून हिणवतो त्यांनी शहाण्यासुरत्यांना शहाणपण शिकवलं. ज्या हातांनी हे हत्यार पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं त्यांचं काम आपल्या हातानं केल्यानं मी खाली जात नाही. आपलं अंग आपण स्वच्छ करणं हे कोणत्याही एका जातीचं काम नाही.

"मग त्यांच्या पोटावर पाय नाही का येत?" असंही विचारलं गेलं. नाही. केस कापायला मी सलूनमध्येच जातो आणि जात राहीन. सलूनमधल्या दाढीवर आठवड्यातून दोनदा पन्नास रुपये, म्हणजे वर्षाला ५२०० रुपये, एवढे माझ्याकडे आधीही नव्हते. सलूनवाल्यांनी खरा वस्तरा सोडून ब्लेडचा घेतला ते बरोबरच केलं. कावीळ-बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो, त्यामुळे दहा लोकांना एक वस्तरा हा गुन्हाच. म्हणून जुना वस्तरा आणला की साबणानं घासून धुवा, स्पिरिटनं पुसा, आणि मग तो कुणालाही देऊ नका, सख्ख्या भावालाही नाही. पावसाळ्यात कोरडा करून खोबरेल तेलाचं बोट फिरवा.

पण या बदलात एक गोष्ट मात्र गेली. आज सलूनमध्ये काम शिकणाऱ्या पोराला केस कापायला, रंग लावायला, फेशियल करायला शिकवतात. धार लावायला कुणी शिकवत नाही, कारण गरजच उरली नाही. ज्यांना येते ते हात आता थकलेत. आमच्या मोहल्ल्यातल्या अशाच एका वयस्क नाभिक काकांनी मला पट्ट्यावरचा हात शिकवला, एका चहावर. मनगट कसं सैल सोडायचं हे कोणत्याही व्हिडिओत मला नीट दिसलं नव्हतं, ते त्यांनी माझा हात धरून दाखवलं. असे काका तुमच्याही गावात असतील. आर्वीला असतील, पुलगावला असतील, समुद्रपूरला असतील. दहा हजारांची पेटी मागवण्याआधी त्यांना जाऊन भेटा. चहा तुम्ही पाजा.