इंजिनाचं सोडा, पत्रा बघा

जुन्या गाडीबद्दल शहरातल्या माणसांचा एक ठोकताळा असतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की गाडी काढून टाकायची. या हिशेबाने डोणगावातल्या कितीतरी गाड्या केव्हाच भंगारात जायला हव्या होत्या, आणि माझी 2006 ची डिझेल इंडिका सगळ्यात आधी. तिला आज फार तर चाळीस हजार येतील. क्लच प्लेट, नोझल आणि पुढचे लोअर आर्म धरून मिस्त्रीने अठ्ठावीस हजार सांगितलेत. म्हणजे विकून मोकळं व्हावं. पण त्या ठोकताळ्यात गाडीची किंमत धरलेली असते. ती बंद पडल्यावर कोण धावून येईल, हे कुठेच धरलेलं नसतं.

आमचं गाव मेहकर आणि मालेगावच्या मधलं, जुन्या नागपूर रस्त्यावरचं. रस्त्याच्या गावात पंक्चरवाला, वेल्डिंगवाला, बॅटरीवाला हाकेच्या अंतरावर असतात. आमचा मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या इंजिनावर टेकवतो आणि मूठ कानाला लावतो. मग नोझलच्या पाइपांचे नट एकेक करून किंचित सैल करतो. एक सैल केला, इंजिन थरथरलं. दुसरा केला, पुन्हा थरथरलं. तिसऱ्याला मात्र काहीच फरक पडला नाही. ‘‘हा तिसरा झोपला, भाऊ. बाकी इंजिनले काही नाही झालं.’’ झालं निदान.

नव्या गाडीत याच दुखण्याला डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागतो. तो कशाचा, हे सांगायला स्कॅनर लागतो, स्कॅनरसाठी शहरातलं वर्कशॉप गाठावं लागतं, आणि तिथे आधी नंबर लावावा लागतो. नवी गाडी कमी बिघडते, हे मान्य. पण बिघडली की माणसाचा अख्खा दिवस जातो, आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत अख्खा दिवस कोणाकडे आहे? टाटांनी इंडिका 2018 मध्ये बंद केली, तरी टॅक्सीत ती इतकी धावली की अकोल्याला सांगून ठेवलं तर तिचे सुटे भाग अजून मिळतात.

इथवर जुन्या गाडीची बाजू. दुसरी बाजू मेहकरजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाने दाखवली. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि आमच्याकडचा माणूस ताशी 120 च्या वेगमर्यादेच्या रस्त्यावर आला. माझ्या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही. गावच्या रस्त्यावर समोर बैलगाडी, मध्येच गतिरोधक, त्यामुळे वेग आपोआपच माणसात राहतो. समृद्धीवर तासनतास एका वेगात पळताना टायर किती वर्षांचा आहे, याला फार महत्त्व येतं. तिथे मी इंडिका नेत नाही. ती भित्रेपणाची गोष्ट म्हणा हवी तर.

मग सरकार आहेच. दिल्लीत असतो तर दहा वर्षांच्या डिझेलबंदीत ही गाडी 2016 मध्येच बाद झाली असती. आपल्याकडे पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण होतं, पुढे दर पाच वर्षांनी. माझं पहिलं 2021 मध्ये झालं, तेव्हा मोटारीची फी सहाशे रुपये होती. एप्रिल 2022 पासून ती पाच हजार झाली, आणि ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला दहा हजार. वर पर्यावरण कर, नवी नंबर प्लेट, शिवाय गाडी तपासणीला बुलढाण्याला न्यायची ती वेगळीच. दुसऱ्या हाताने सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या मोटारींचा जीएसटी 18 टक्क्यांवर आणला. ढकलायचं कुठे आहे, ते न सांगता कळतं.

तरी माझा निर्णय फीवर किंवा जीएसटीवर अडलेला नाही. इंजिन पुन्हा बांधता येतं, गिअरबॉक्स मिळतो, सीट शिवून घेता येते. पत्रा सडला की मात्र संपलं. दारांचा नव्हे, दारं पुट्टी लावून कोणीही चकाचक करतो आणि जुनी गाडी घेणारा तिथेच फसतो. बघायचं ते खाली, पायाखालचा फ्लोअर आणि लोअर आर्म जिथे बसतो तो भाग. मिस्त्री तिथे छोट्या हातोडीने ठोकतो. खणखणीत आवाज आला तर ठीक. भद्द आला की वेल्डिंगचा टाका धरणार नाही, कारण धरायला लोखंडच उरलेलं नसतं. गाडीच्या या भागात दुरुस्तीला पैसे घालणं म्हणजे माझ्या मते पोरांच्या जिवाशी खेळ.

माझ्या गाडीचा डावा फ्लोअर खणखणीत आहे, उजव्याबद्दल मिस्त्री गप्प आहे. नोंदणी ऑगस्टमध्ये संपते. त्याआधी रॅम्पवर चढवून, खालचा काळा लेप खरवडून बघायचं ठरलंय. पत्रा निघाला चांगला, तर अठ्ठावीस आणि दहा, दोन्ही भरायचे. नाही निघाला, तर सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात द्यायची आणि त्या दाखल्यावर नव्या गाडीच्या करात मिळेल ती सवलत घ्यायची. चाळीस हजारांच्या गिऱ्हाइकाला हे सगळं सांगितलं. त्याला पत्र्याशी काही देणंघेणं नाही. बी-बियाणं आणि खताच्या गोण्या वाहायला पेरणीच्या आत गाडी हवी, एवढंच तो म्हणतो. उजवा फ्लोअर बघितल्याशिवाय ती त्यालाही देणार नाही.