खट्ट वाजतंय? बुश बघा!

काकाची 15 वर्षं जुनी पिकअप स्पीडब्रेकरवर ‘खट्ट’ वाजायची, तेव्हा घरात सगळे म्हणायचे, ‘वय झालंय तिचं!’ पण ब्रेक मारला की ती डावीकडे ओढायला लागली, पुढचे टायर एकाच कडेने झिजले. मग गॅरेज गाठलं. दोष निघाला पुढच्या कंट्रोल आर्मच्या बुशमध्ये.

बुश म्हणजे एकात एक बसवलेल्या दोन लोखंडी नळ्या आणि मधे चिकटवलेलं रबर. खड्ड्याचा दणका गिळायचा आणि आर्म जागेवर धरायचा, ही त्याची ड्युटी. रबर फाटलं की आर्म हलतो, चाकाचा कोन बिघडतो. हायवेवर ब्रेक मारताना हे परवडणारं नाही, बॉस!

मेकॅनिकने जुने बुश प्रेसवर काढले, दोन्ही बाजूंना नवे बसवले. बोल्ट मात्र ढिलेच ठेवले! गाडी जॅकवरून उतरून चाकांवर उभी राहिली, तेव्हाच शेवटचं आवळलं. कारण चाकं लटकत असताना आवळलं, तर गाडी खाली आल्यावर रबर सतत पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. त्यानंतर व्हील अलाइनमेंट मस्ट!

तुमच्या गॅरेजवाल्याला एवढं विचाराच, ‘शेवटचं आवळणार कधी?’