कोणती शिवी गाळता?

मागच्या वर्षी वस्तीतल्या अभ्यासवर्गात मी आठवी-नववीच्या मुलांना नागराज मंजुळेंचा 'फँड्री' दाखवला. एका सरांची अट होती, शिव्या काढा, पोरं बिघडतील. मी काढल्या. आवाज बंद झाला की मागच्या रांगेतून गाळलेला शब्द मोठ्याने यायचा आणि वर्ग हसायचा. गावची पोरं जब्याला 'फँड्री' म्हणून चिडवतात, ते मात्र तसंच राहिलं. कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर. आमच्या कात्रीला ती शिवी वाटलीच नाही!

टीव्हीवरही हेच चालतं. आई-बहिणीवरची शिवी गाळतात, जातीधर्मावरून हिणवणारं वाक्य बिनबोभाट जातं. 'लांड्या' ही हाक शाळेत ऐकलेल्यांना कोणता शब्द जास्त लागतो, ते मी सांगायला नको. आणि आपण तरी काय करतो? घरात शिवी आली की अब्बा रिमोट शोधतात. नाक्यावर तेच भांडण दुसऱ्याच्या आईवर जातं.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली 'बँडिट क्वीन'च्या निकालात म्हटलं होतं, गल्लीबोळात रोज ऐकू येणाऱ्या शिव्यांचा फार बाऊ नको. तो सिनेमा प्रौढांसाठी होता, मान्य. हसवण्यासाठी पेरलेल्या शिव्या शाळेत खुशाल काढा. पण अपमान दाखवणारी शिवी काढली, तर जुलूम करणाराच सभ्य दिसतो.

पुढच्या वेळी मी सिनेमा तिथेच थांबवणार आहे. ही शिवी कुणाला लागते, हे पोरांनाच विचारणार. सरांनाही बोलावलंय.