भिंत की बांध?

शालेय पुस्तके पदार्थांचे विद्युत्‌वाहक व विद्युत्‌रोधक असे दोन वर्ग पाडतात. तांबे पहिल्या वर्गात, काच दुसऱ्यात. ही विभागणी खोटी नव्हे. परंतु २००४ साली ओहतोमो व ह्वांग या दोन संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने ती अपुरी ठरविली. स्ट्रॉन्शियम टायटॅनेट आणि लँथॅनम ॲल्युमिनेट ही दोन्ही ऑक्साइडे विद्युत्‌रोधक होत. तथापि पहिल्याच्या स्फटिकावर दुसऱ्याचा थर, अणूंच्या रांगा नीट जुळवून चढविला असता, दोहोंच्या आंतरपृष्ठावर वीज वाहू लागते. मिलिमीटरचे दहा लक्ष भाग कल्पिले, तर त्यांतील जेमतेम दीड भागाइतकी त्या थराची जाडी पुरते.

ही वीज आंतरपृष्ठावर सतरंजीसारखी सर्वत्र सारखी पसरलेली असावी, असे प्रथम समजले जाई. वस्तुस्थिती निराळी निघाली. स्ट्रॉन्शियम टायटॅनेटच्या स्फटिकाची मूळ घडण घनाकार असते. उणे १६८ अंश सेल्सिअसच्या खाली तो घन एका दिशेने किंचित लांबट होतो. ही वाढ हजारात एका भागाहूनही कमी! पण लांबण्यास तीन दिशा मोकळ्या असल्याने स्फटिकाचा एक भाग एक दिशा पत्करतो, तर शेजारचा दुसरी, आणि स्फटिकात पट्टे पडतात. या पट्ट्यांना इंग्रजीत डोमेन व त्यांमधील सीमांना डोमेन वॉल म्हणतात.

२०१३ साली कालिस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रवाहामुळे निर्माण होणारे चुंबकत्व टिपणारा अतिसूक्ष्म संवेदक या आंतरपृष्ठावरून फिरविला. प्रवाहाचा अधिक भाग अरुंद वाटांनी जात असल्याचे दिसले, आणि त्या वाटा पट्ट्यांच्या मांडणीस धरून होत्या. नमुना ऊबवून पुन्हा थंड केला की पट्टे नव्याने पडत, आणि वाटाही बदलत. त्याच वर्षी इस्रायलमधील वाइझमन संस्थेतील संशोधकांनी दाखविले की, विजेचा दाब बदलल्याने या सीमा सरकतात. म्हणजे एकाच तुकड्याचा रोध आडवा मोजला तर एक आणि उभा मोजला तर दुसरा येऊ शकतो.

येथे अनुवादकापुढे पेच उभा राहतो. डोमेनला ‘क्षेत्र’ म्हणावे, तर ‘विद्युत् क्षेत्र लावताच क्षेत्र सरकते’ असे वाक्य लिहावे लागेल. विद्यार्थ्याने त्यातून काय समजावे? आणि ‘वॉल’ची ‘भिंत’ केली की मनात अडथळा उभा राहतो. येथे तर नेमक्या त्या रेषांच्या आधाराने प्रवाहाची वाट पडते. माझ्या मते ‘पट्टा’ आणि ‘बांध’ हे शब्द घ्यावेत. रायपूरभोवतीच्या भातखाचरांकडे पाहा. पावसाळ्यात खाचर चिखलाने भरलेले असते, आणि माणसे चालतात ती बांधावरून. इकडे त्यास मेड म्हणतात, विदर्भात धुरा, वस्तू तीच. शिवाय भिंत हलत नाही. बांध मात्र सरकतो, हे शेजाऱ्याशी भांडलेल्या कोणत्याही शेतकऱ्यास सांगावे लागत नाही.

यावर आक्षेप येईल की परिभाषा सर्व भारतीय भाषांत समान व संस्कृतनिष्ठ असावी. १९६१ साली स्थापन झालेल्या वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाच्या कार्यामागे तो विचार आहे, आणि हिंदी व मराठी शेजारी नांदणाऱ्या आमच्या शहरात त्याचे मोल मी जाणतो. परंतु समान शब्द चुकीचे चित्र उभे करीत असेल, तर ती चूक दोन्ही भाषांत समान होईल, एवढेच.

हा विषय परदेशातीलच आहे असेही नव्हे. पुण्याचे डॉ. सतीशचंद्र ओगले यांनी ऑक्साइडांच्या पातळ थरांवर संपादिलेला इंग्रजी ग्रंथ २००५ साली निघाला. कानपूरच्या आय.आय.टी.तील डॉ. बुधानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅरिसच्या संशोधकांसमवेत, स्ट्रॉन्शियम टायटॅनेटवर लँथॅनम टायटॅनेटचा थर देऊन, आंतरपृष्ठावर अतिवाहकता आढळल्याचे २०१० साली प्रसिद्ध केले. अशा प्रयोगशाळेत उद्या मराठी शाळेतील मुलगी गेली, तर तिला ‘डोमेन वॉल’ हा शब्द शिकण्यास एक दिवस पुरेल. भिंतीतून वीज कशी जाते, या कोड्यात मात्र तिने त्याआधीची वर्षे घालवू नयेत.